वेरूळच्या डोंगरात सुताराची झोपडी

सहल काढायची म्हटले की आमच्या जालन्याच्या वस्तीत पहिला प्रश्न कुठे जायचे हा नसतो. पैसे कोण भरणार आणि रोज कोण बुडवणार, हा असतो. आम्ही कचेरीत कारकून आहोत. बी.कॉम.पर्यंत शिकलो, म्हणून विहाराचा जमाखर्च गेली अनेक वर्षे आमच्याच वहीत आहे. त्यामुळे सहलीचा विषय निघाला की सगळ्यांची नजर आमच्याकडे वळते आणि आमची नजर वहीकडे.

२०२४ सालच्या जुलै महिन्यातल्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर बैठक बसली. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुटी असते. ती साधून मुलाबाळांसह एक दिवसाची सहल काढावी, असा विचार निघाला. कोणी अजिंठा म्हणाले, कोणी बीबी का मकबरा. तरुण पोरांना धबधबा हवा होता. वस्तीतले सुतार, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, ते मात्र कोपऱ्यात गप्प बसून होते. आम्ही त्यांना विचारले तेव्हा म्हणाले,

"भाऊसाहेब, लेण्या बघून आमच्यासारख्यानं काय करायचं? तिथं राजाचं नाव सांगतेत. आपण मान दुखेस्तोवर वर बघायचं अन् परत यायचं. रोज बुडतो तो बुडतोच."

लोक हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण त्या बोलण्यामागचे दुखणे आम्हाला ठाऊक होते. मिस्त्रींच्या मुलाने जून महिन्यात आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला होता आणि तो मोबाईलच्या दुकानात कामाला लागला होता. बापाने कारण विचारले तर म्हणाला होता, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, रंधा मारा म्हणून नाही." तेव्हापासून एका घरात राहून बापलेकाचे बोलणे बंद होते.

वाचकहो, त्या पोराला दोष देणे सोपे आहे. पण आमचे वडील मोंढ्यात हमाली करत. आमच्या हाताला घट्टे नाहीत, याचा त्यांना अभिमान होता आणि खरे सांगायचे तर आम्हालाही होता. जातीने लादलेले काम टाकून द्यायचे, हे बाबासाहेबांनी शिकवले ते योग्यच. पण त्याबरोबर हाताने करायच्या प्रत्येक कामाचीच लाज आपल्या घरात कधी शिरली, हे आपले आपल्यालाच कळले नाही.

आम्ही बैठकीत म्हणालो, "मग मिस्त्री, आपण तुमच्याच लोकांच्या लेणीला जाऊ. वेरूळच्या दहाव्या लेणीला पूर्वीपासून लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात."

मिस्त्रींनी मान वर केली.

वेरूळच्या डोंगरात बौद्ध लेणी पहिल्या क्रमांकापासून बाराव्यापर्यंत आहेत. त्यातले दहावे चैत्यगृह आहे. सातव्या शतकाच्या सुमारास ते कोरले गेले. इंग्रजी अमदानीत फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी लेण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८८० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या काळी या लेणीला सुतार मंडळी मोठ्या संख्येने येत आणि आतल्या बुद्धमूर्तीला आपल्या धंद्याचा देव विश्वकर्मा समजून पुजत, अशी नोंद आहे. म्हणजे आसपासच्या खेड्यांतल्या कारागिरांचा डोंगरातला मेळाच तो. या लेणीला 'विश्वकर्मा' हे नाव त्यातूनच मिळाले.

यावर एका तरुणाने शंका काढली की, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, विश्वकर्म्याचे आपल्याला काय? शंका बरोबर होती. आपण विश्वकर्मा मानत नाही. पण त्या सुतारांच्या बाजूनेही पाहू. बुद्ध कोण हे सांगणारे तेथे कोणी उरले नव्हते. ग्रंथ गेले, भिक्खू गेले. राहिले होते ते फक्त काम. ते काम पाहून सुतार ओळखला की हे आपल्या हाताचे आहे. नाव चुकले, पण ओळख चुकली नाही.

आमच्यातल्या निवृत्त गुरुजींनी मग घराजवळची गोष्ट काढली. आपल्याच जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. १९७३ च्या सुमारास तेथे नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळालेली आहे आणि ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. गुरुजी म्हणाले, "भोकरदनकडच्या हाताची घडण रोमन लोकांच्या शहरापर्यंत ओळखीची होती, आणि आपली पोरं म्हणतात हातकामाला किंमत नाही!" मिस्त्रींचा मुलगा दाराशी उभा होता. त्याने ऐकले, पण काही बोलला नाही.

मग आम्ही वही उघडली. एसटीची गाडी प्रासंगिक कराराने घ्यायची, चहा-नाश्ता, तिकिटे असा सगळा अंदाज १८ हजार रुपयांचा निघाला. वेरूळला पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, तेवढी बचत. नावे ४४ आली. २८ मोठी माणसे आणि १६ मुले. मोठ्यांना ५०० रुपये, मुलांना २५०. एकदम पाचशे काढायचे म्हणजे आमच्या वस्तीत कोणाच्याही पोटात गोळा येतो. म्हणून दर रविवारी मोठ्यांनी ५० आणि मुलांचे २५, असे दहा रविवार भरायचे ठरले.

एवढ्यावर आम्हाला आमचा बी.कॉम. आठवला, आणि आम्ही नाशिकच्या लेण्यांतला हिशेब सांगितला. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूंच्या चीवरासाठी म्हणजे वस्त्रांसाठी २००० कार्षापण एका विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासातल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. बारा विसा किती? २४०! पै चुकलेली नाही. दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा पाऊण टक्क्याने ठेवले. आणि अट अशी की, मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे.

"म्हणजे राजाचा जावई विणकरांकडे पैसे ठेवायचा?" मिस्त्रींनी विचारले.

"हो. विणकरांची पत तेवढी होती."

जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे असा पैसा ठेवल्याचे लेख आहेत. हे ऐकल्यावर मिस्त्रींनी खिशातून पन्नासची नोट काढून वहीवर ठेवली. पहिला हप्ता त्यांचा.

पण ठरवलेली तारीख टिकली नाही. आम्ही घरी येऊन दिनदर्शिका पाहिली तर १७ सप्टेंबरला मंगळवार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. सुटी होती, पण दार बंद. शेवटी रविवार, २२ सप्टेंबर ठरवला. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांनी बदली माणसे पाहिली. वाचकांपैकी कोणी बेत करत असतील त्यांनी आधी वार पाहावा आणि मग गाडी सांगावी.

ऑगस्टमधल्या बैठकीत आम्ही बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही छोटी पुस्तिका नेली. बाबासाहेबांनी आपल्या हाताने लिहिलेल्या या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केल्या. त्यात एका सहलीचाच प्रसंग आहे. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटले, आपण स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेब तयार झाले आणि बेत ठरला तो असा की, काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच. मंडळी नाशिकहून निघाली. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. काहीजणांनी तेथे हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की, धेडांनी टाके बाटवले. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर की, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि पाहारा ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. अस्पृश्यता एका धर्माच्या वेशीपाशी थांबत नव्हती, हे दाखवायला बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला.

वाचन संपल्यावर कोणी बोलेना. मग एक पोरगा म्हणाला, "आत्या, आता तिथं पाण्याची बाटली मिळते." वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "मिळती रे, पण इकत. तवा फुकट होतं, पर आपल्याला नव्हतं."

आता आमची चूक सांगतो. वस्तीत एक ताई बियाण्याच्या गोदामात निवडीचे काम करतात. नवरा नाही, दोन मुले आहेत. त्यांचे आठवड्याचे १०० रुपये व्हायचे. तीन रविवार त्यांनी भरले आणि मग गोदामातले काम थांबले. चौथ्या, पाचव्या रविवारी त्या आल्याच नाहीत. मुलाच्या हाती निरोप पाठवला, "पुढच्या साली येऊ." आम्ही नियमाला धरून वहीत तिघांच्या नावांवर रेघ ओढली आणि त्यांचे ३०० रुपये परत देण्यासाठी पाकिटात घातले. हिशेब चोख झाला, असेही आम्हाला वाटले.

मिस्त्रींनी ती रेघ पाहिली. म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हीच सांगितलं ना, मुद्दल हलवायचं नाही, व्याज वाटायचं. आपल्या विहाराचं व्याज कुठं हाय?"

विहाराच्या नावावर १० हजार रुपयांची मुदत ठेव आहे. तिचे वर्षाचे ७०० रुपये व्याज आम्ही दरवर्षी मुद्दलात जमा करून टाकत होतो. ताईंचे राहिलेले पैसे किती? १००० वजा ३००, म्हणजे ७००! आकडा आमच्या वहीत होता, पण दिसला तो सुताराला. समितीत थोडी कुरबुर झाली. उद्या सगळेच मागतील, असे कोणी म्हणाले. आमच्या सौ.नी विचारले, "मागितले तर काय बिघडते? आपण निधी वाढवू." ठराव झाला. पाकिटातले ३०० परत वहीत आले आणि रेघेच्या वर आम्ही तिघांची नावे पुन्हा लिहिली. ती रेघ आजही वहीत आहे. आम्ही ती खोडली नाही.

२२ सप्टेंबरला पहाटे सहाला गाडी निघाली. औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, साठ किलोमीटर. १९८१ पर्यंत आपले जालनेही त्याच जिल्ह्यात होते, म्हणून जुन्या माणसांना तो रस्ता कोर्टकचेरीच्या खेपांनी पाठ. दौलताबादला किल्ल्याच्या दाराशी गाडी थांबवली. आत्याबाईंनी पिशवीतून घरचा तांब्या काढला आणि सगळ्या मुलांना ओळीने उभे करून तोंडे धुवायला लावली. भाषण कोणी केले नाही. रस्त्यावरच्या चहावाल्याने आणखी पाणी हवे का म्हणून विचारले आणि स्वतःची घागर पुढे केली.

वेरूळला दहा वाजले. पाऊस थांबला होता, डोंगरावरून पाण्याच्या धारा उतरत होत्या. पहिल्या लेणीपासून सुरुवात केली. पाचव्या लेणीत गेल्यावर आम्ही सांगितले की, या लेणीला 'महारवाडा' म्हणत आले आहेत. आणि या टोकाच्या बौद्ध लेण्यांना जुन्या इंग्रजी वर्णनांत 'धेडवाडा' म्हटलेले आहे. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. दौलताबादला जो शब्द शिवी म्हणून ऐकावा लागला, तोच शब्द पुढे या लेण्यांना चिकटलेला.

ही लेणी सुमारे ११७ फूट खोल आहे. मधोमध दगडाचे दोन लांबच लांब बुटके बाक आहेत, त्यांवर बसून भिक्खू जेवत किंवा अध्ययन करत असावेत, असे अभ्यासक मानतात. पुढच्या काळात पावसाळ्यात महार मंडळी येथे आसऱ्याला राहत, म्हणून ते नाव पडले. आत्याबाई बाकावर टेकल्या, हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "जागा कोरडी हाय. आपल्या माणसांनी चांगली निवडली." सगळे हसले आणि पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

मग दहावी लेणी. आत अंधार, आणि समोर सुमारे २७ फूट उंचीचा स्तूप. त्याच्या पुढे पाय खाली सोडून बसलेले, उपदेश करणारे तथागत. हलक्या आवाजात त्रिशरण घेतले तर तो आवाज छताला लागून परत आला. बाकीचे मूर्ती पाहत होते. मिस्त्री मात्र वर पाहत होते. बराच वेळ.

"भाऊसाहेब, हे वासे हायेत."

कमानदार छताला दगडात कोरलेल्या बरगड्या आहेत, अगदी लाकडी वाशांसारख्या. मिस्त्री समजावू लागले, "लाकडी छपराला वासा लागतो, नाहीतर छप्पर पडंल. दगडाच्या डोंगराला वाशाची काय गरज? ज्यानं कोरलं त्याच्या डोळ्यापुढं सुतारानं बांधलेलं छप्पर होतं." आम्ही म्हणालो, कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खरे लाकडी वासे दगडी छताला बसवलेले आहेत आणि ते दोन हजार वर्षे टिकले आहेत. मिस्त्री गप्प झाले. मग म्हणाले, "सागवान असंल." सागवानच आहे.

तेवढ्यात मागून मुलाचा आवाज आला. "एवढ्या वर कोरायला परांची कशी बांधली असंल?"

बापाने वळून पाहिले. तीन महिन्यांनी मुलगा त्यांच्याशी बोलला होता. आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले, पण सौ.नी आमचा शर्ट ओढला.

"परांची कशाला?" मिस्त्री म्हणाले. "वरून खाली कोरत आले असतील. आधी छत, मग खांब, मग जमीन. उभं राहायला खालचा दगडच."

अर्धवट सोडलेल्या लेण्या पाहून अभ्यासकांनीही हेच सांगितले आहे.

"अन् चुकलं तर?"

"लाकडाला सांधा मारता येतो. दगडाला नाही."

मुलाने खांब मोजले. २८ भरले. बापाने पुन्हा मोजायला लावले. पुन्हा २८.

आमचा पहिला बेत कन्नडवरून पुढे पितळखोऱ्यालाही जायचा होता. पण तिथे दरीत उतरायच्या पायऱ्या, पावसाचे दिवस आणि सोबत म्हातारी माणसे, म्हणून तो बेत हिवाळ्यावर टाकला. पितळखोऱ्याची लेणी वेरूळच्या कितीतरी आधीची, इसवी सनापूर्वीची. तिथे सापडलेली एक हसरी यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. तिथल्या खांबांवर पैठणच्या गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या कुळातल्या मित्रदेवाचे दान लिहिले आहे. परतीच्या गाडीत आम्ही हे सांगितले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सोनारानं नाव लिहिलं. बरं केलं. आमच्यातलं कोणी लिहीत नाही."

मुलाने आयटीआय पुन्हा धरली का, असे वाचक विचारतील. नाही धरली. तो मोबाईलच्या दुकानातच जातो. पण विहाराच्या ग्रंथालयाला कपाट हवे होते, ते दिवाळीनंतरच्या रविवारी बापलेकांनी मिळून केले. गुण्या मुलाने धरला, पटाशी बापाने चालवली. कपाटाच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, पेन्सिलीने दोन नावे लिहिलेली आहेत. आम्ही ती पाहिली, पण कोणाला दाखवली नाहीत.

वहीत 'सहल निधी' असे नवे खाते उघडले आहे. आता दर महिन्याला घरटी दहा रुपये त्यात येतात. मुद्दल हलवायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असा ठराव आहे. बियाण्याच्या गोदामातल्या ताईंचा पहिला दहाचा हप्ता आम्हीच लिहून घेतला. तुमच्या गावी, तुमच्या विहारात असे खाते नसेल तर उघडा, आणि सहलीची यादी करताना पैसे भरणाऱ्यांच्या नावांपासून सुरुवात करू नका. हाताने काम करणाऱ्यांच्या आणि मागे राहण्याची भीती असलेल्यांच्या नावांपासून करा. तो डोंगर त्यांनीच कोरलेला आहे.

जयभीम.